रेडियल ईबसवर गाठ दिसते, पण तुकड्यात काहीच येत नाही

फोंडा_श्वास

नमस्कार मंडळी. फुफ्फुसाच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागातल्या लहान गाठींची ब्रॉन्कोस्कोपीने (श्वासनळीत दुर्बीण, म्हणजे स्कोप, घालून) बायोप्सी, हा विषय आहे.

हाताशी सामान असे: ५.९ मिमी जाडीचा स्कोप (चॅनेल २.८), ४.२ मिमीचा बारीक स्कोप (चॅनेल २.०), २० मेगाहर्ट्झचा १.४ मिमी रेडियल ईबस प्रोब (नळीच्या आतून भोवतालचे अल्ट्रासाउंड चित्र दाखवणारा), १.९५ मिमीची गाइड शीथ (प्रोब आणि तुकडा घेणारी फोर्सेप्स जिच्यातून जातात ती बारीक पोकळ नळी) आणि सी-आर्म (चालत्या एक्सरेचे यंत्र). नॅव्हिगेशन (गाठीपर्यंतची वाट दाखवणारे यंत्र) नाही, कोन-बीम सीटी नाही, रोबोचे तर नावच नको. पॅथॉलॉजीवाले आधी सांगून ठेवले तर खोलीत येऊन स्लाइड बघतात.

अडचण अशी की प्रोबवर करडा गोळा येतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, पाच-सहा तुकडे घेतले जातात आणि रिपोर्ट येतो 'नॉन-स्पेसिफिक इन्फ्लमेशन', नाहीतर नुसते नळीचे अस्तर.

चर्चेपुरती एक केस धरा: साठी ओलांडलेला निवृत्त तारवटी (जहाजावरचा खलाशी), तीस वर्षे सिगारेट, मधुमेह. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या लोबच्या पोस्टीरियर सेगमेंटमध्ये (मागच्या उपभागात) २१ मिमीची काटेरी कडांची गाठ, प्ल्युरापासून (फुफ्फुसाच्या बाहेरच्या पडद्यापासून) १५ मिमी आत, भोवती एम्फिसेमा (झिजून फुगलेले फुफ्फुस). पेट स्कॅनवर गाठ तापलेली (उजळ), मेडियास्टिनममधले (दोन फुफ्फुसांच्या मधले) लसिका-नोड थंड. क्लोपिडोग्रेल (रक्त गोठू न देणारे औषध) चालू.

विचारायचे ते हे: गाठ दिसल्यानंतर तुकडा हुकतो कुठे? ठीक मध्यात प्रोब बसला नाही तर काय करायचे? आणि अशी गाठ सरळ सीटी-गाइडेड सुईला (सीटीवर बघत छातीतून घालायच्या) द्यावी का?

वाटाड्या

घोटाळा बहुतेक वेळा स्कोप आत जाण्याआधीच झालेला असतो. सीटी ५ मिमीच्या स्लाइसचा, तोही फिल्मवर, आणि रिपोर्टमध्ये 'आरयूएल (उजवा वरचा लोब) पोस्टीरियर सेगमेंट' एवढेच. सेगमेंट कळला म्हणजे तालुका कळला, घर अजून लांब आहे. पोस्टीरियर म्हणजे आरबी-२ (उजवीकडच्या सेगमेंटच्या नळीचा क्रमांक). त्याचे ए आणि बी, त्यांचे पुन्हा दोन-दोन फाटे, आणि गाठ असते सहाव्या-सातव्या फाट्यापलीकडे. फिल्म बाजूला ठेवून सीडी मागवा. १ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस, पूर्ण श्वास रोखून काढलेला. लंग विंडोत गाठीपासून उलटे, हायलमच्या (फुफ्फुसाच्या मुळाच्या) दिशेने स्क्रोल करत या आणि प्रत्येक फाटा कागदावर काढा: इथे दोन तोंडे, त्यातले वरचे, पुढे पुन्हा दोन, त्यातले उजवीकडचे.

इथेच एक चकवा आहे. सीटी आपण पायांकडून बघतो, स्कोप डोक्याकडून जातो. म्हणून लोअर लोब, मिडल लोब आणि लिंग्युलासाठी (डाव्या वरच्या लोबचा खालचा भाग) सीटीचे चित्र आडवे उलटवा, आरशात दिसते तसे. वरच्या लोबात मात्र स्कोप वळून वर चढतो. तिथे उजव्या बाजूला चित्र ९० अंश घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, डाव्या अप्पर डिव्हिजनला (डाव्या वरच्या लोबच्या वरच्या भागाला) ९० अंश घड्याळाच्या दिशेने. उजवीकडे असे केल्यावर स्क्रीनच्या डाव्या हाताला अँटीरियर (पुढचे), उजव्या हाताला पोस्टीरियर येते, आणि सीटीवरचा फाटा व स्कोपमधले भोक एकमेकांवर बसते. हे न करता 'अंदाजाने पोस्टीरियर' करत गेलात तर तिसऱ्या फाट्यावरच शेजारच्या घरात शिरता. मग प्रोबवर गाठ दिसतेसुद्धा, पण भिंतीपलीकडची.

सीटी बघतानाच ब्रॉन्कस साइन आहे का ते ठरवा, म्हणजे नळी थेट गाठीत शिरते की नुसती कडेने जाते. शिरत असेल तर या सामानावर प्रयत्न करण्यात अर्थ आहे. एकही नळी जवळ येत नसेल तर रेडियल प्रोबने चमत्कार होणार नाही. प्रोब नळीतूनच जातो.

स्कोप ४.२ चाच घ्या. ५.९ चा सेगमेंटच्या तोंडाशीच अडतो, पुढचे सगळे आंधळे. बारीक स्कोप एक-दोन फाटे पुढे जातो, आणि आंधळा भाग जितका कमी तितका चुकीच्या फांदीत जाण्याचा धोका कमी. (३.० मिमीचा अल्ट्राथिन, १.७ चॅनेलचा, मिळाला तर आणखी बरे. त्यातून १.४ चा प्रोब शीथशिवाय जातो.)

आता प्रोब. स्कोप ठरलेल्या फाट्यात वेज करा (घट्ट बसवा), शीथ आणि प्रोब एकत्र सोडा. आत ढकलताना प्रोबचे फिरणे थांबवलेले असू द्या. फिरता प्रोब रेटला की आतली तार दुखावते आणि चित्रात काळी पाचर दिसू लागते. हलका अडथळा लागेपर्यंत न्या, मग फिरवणे सुरू करा आणि मागे ओढत ओढत बघा. निरोगी फुफ्फुस म्हणजे पांढरी भुरभुर, गाठ आली की करडा भाग आणि त्याच्या कडेला झळझळीत पांढरी रेघ. प्रोब मध्यात, चारी बाजूंनी गाठ: कॉन्सेंट्रिक. गाठ एका अंगाला: एक्सेंट्रिक. तुमचे रिकामे रिपोर्ट बहुधा दुसऱ्या प्रकारातून येत असणार.

एक्सेंट्रिक चित्रावर तुकडे घ्यायची घाई करू नका. फोर्सेप्स सरळ पुढे उघडते, गाठ आहे कुशीला. जबडा जे समोर आहे तेच चावणार. शेवटच्या फाट्यापर्यंत मागे या, स्कोपचे टोक गाठीच्या बाजूला वळवा, शेजारच्या नळीत पुन्हा प्रोब घाला. वाकणारी क्युरेट (खरवडायचे हत्यार) असेल तर शीथमधून ती घालून नळी निवडा. तीन-चार फांद्या तपासूनही मध्य मिळाला नाही तर २१ गेजची पेरिफेरल सुई घ्या. ती नळीची भिंत भेदून कुशीच्या गाठीत जाते. १.९५ च्या शीथमधून ती जात नाही. शीथ काढून थेट २.० चॅनेलमधून घालावी लागते, म्हणून प्रोब कोणत्या खोलीवर होता त्याची खूण आधी करून ठेवा.

आणखी एक फसवणूक: खोटी गाठ. मिटलेले फुफ्फुस, नळीत साठलेले रक्त, आधी सोडलेले सलाइन, हे तिन्ही प्रोबवर गाठीसारखेच करडे आणि तेही सुंदर कॉन्सेंट्रिक दिसतात. म्हणून धुणे (वॉशिंग) सगळ्यात शेवटी. वेज करून सतत सक्शन लावू नका. चित्र सीटीवरच्या २१ मिमीपेक्षा बरेच लांबवर, ४० मिमीपर्यंत ओढले तरी संपत नसेल, तर ते फुफ्फुस मिटले आहे असे समजा.

तुकडे किमान ५ ते ६, मॉलिक्युलर तपासण्या हव्या असतील तर ८ ते १०. या शीथमधून जाणारी फोर्सेप्स १.५ मिमीची, तुकडा मोहरीएवढासुद्धा नसतो. दोन-तीन तुकड्यांनंतर फोर्सेप्स काढून प्रोब पुन्हा घाला. चित्र बदललेले असेल तर पुढचे तुकडे वाया जाणार. सगळे झाल्यावर शीथ लगेच ओढू नका, दोन मिनिटे तिथेच राहू द्या; रक्त आतच थांबते.

क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी बंद, पण कार्डिओलॉजिस्टना विचारून. नवीन स्टेंट असेल तर बायोप्सी थांबू शकते, स्टेंट थांबत नाही. ॲस्पिरिन चालू ठेवले तरी चालते.

भूल_म्हापसा

वाटाड्यांनी खोट्या गाठीचा उल्लेख केला, त्यात आमचा, भूल देणाऱ्यांचा, वाटा मोठा आहे म्हणून लिहितो.

जनरल ॲनेस्थेशिया दिला, १०० टक्के ऑक्सिजन लावला, पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात ठेवलेला दाब) शून्य, एलएमए (घशात बसवायचा मास्क): पाठीवर झोपलेल्या माणसाचे मागचे फुफ्फुस काही मिनिटांत मिटते. ऑक्सिजन रक्तात शोषला जातो, अल्व्हिओलस (हवेची पिशवी) उघडा ठेवायला नायट्रोजन उरत नाही. २०२२ मध्ये आलेल्या व्हेस्पा चाचणीत ७६ पेशंट होते. नेहमीच्या पद्धतीत ८४.२ टक्के लोकांत कुठे ना कुठे ॲटेलेक्टॅसिस (मिटलेले फुफ्फुस) सापडला. नळी घालून, रिक्रूटमेंट (दाब देऊन मिटलेले फुफ्फुस उघडणे) करून, ऑक्सिजन कमी ठेवून, ८ ते १० सेंमी पीप दिलेल्या गटात २८.९ टक्के. फरक केवढा आहे बघा, आणि त्यासाठी नवे यंत्र काहीच लागत नाही.

म्हणून: ८ किंवा ८.५ ची एंडोट्रॅकियल ट्यूब (त्यापेक्षा लहान असेल तर स्कोप आत गेल्यावर हवा जायला जागा राहत नाही), इंट्युबेशन झाल्या झाल्या रिक्रूटमेंट, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) आदर्श वजनाच्या ६ ते ८ मिली प्रतिकिलो, एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजन) सॅच्युरेशन टिकेल इतका कमी. वायूवर भूल ठेवू नका, स्कोपच्या तोंडातून अर्धा बाहेर येतो. प्रोपोफॉलचे इन्फ्युजन आणि स्नायू शिथिल करणारे औषध द्या. खोकला आला की शीथ हललीच.

पण फोंडा_श्वास यांच्या केसमध्ये भोवती एम्फिसेमा आहे. तिथे रिक्रूटमेंट हात आखडून करा. बुला (फुफ्फुसातला हवेचा फुगा) असेल तर करूच नका, पीप ५ ते ६ वर थांबा. बायोप्सीनंतर अचानक एअरवे प्रेशर चढले, सॅच्युरेशन उतरले की आधी सी-आर्म छातीवर आणा, मग बाकीचे तर्क.

जागेपणी, सेडेशनवर करणार असाल तर वेगळे गणित. माणूस स्वतः श्वास घेतो म्हणून फुफ्फुस मिटणे कमी, पण हालचाल जास्त. मिडाझोलाम १-१ मिग्रॅ करत, फेंटानिल २५ मायक्रोग्रॅम करत, थांबून थांबून. लिग्नोकेनचा हिशेब कागदावर लिहा: कमाल ८ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ४०० मिग्रॅ. १० टक्के स्प्रेचा एक फवारा १० मिग्रॅ, १ टक्का द्रावणाच्या १ मिलीत १० मिग्रॅ. १ टक्का पुरते. २ टक्के वापरलेत तर निम्म्याच द्रावणात मर्यादा गाठता आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मागच्या भागातल्या गाठी (आरबी-२, आरबी-६, आरबी-९, आरबी-१० आणि डावीकडचे त्यांचे भाऊबंद) सगळ्यात आधी मिटतात. नोडचे लिनियर ईबस (अल्ट्रासाउंडवर बघत नोडमध्ये सुई घालणे) आणि गाठ दोन्ही एकाच बैठकीत करायचे असेल तर गाठ आधी. अर्धा तास नोडवर घालवलात की गाठीभोवती फुफ्फुस मिटलेले असणार.

वाटाड्या

भूल_म्हापसा, शेवटच्या मुद्द्याला एक पुरवणी. पेटवर नोड तापलेला असेल तर आधी नोडच, आणि सर्वांत वरच्या स्टेजचा पहिला: एन-३ (गाठीपासून सर्वांत दूरचे), मग एन-२, मग एन-१ (सर्वांत जवळचे). तिथे जागेवरच्या स्लाइडमध्ये कॅन्सर दिसला तर निदान आणि स्टेज दोन्ही एका सुईत, गाठीला हातच लावायला नको. नोड थंड असतील, जसे या केसमध्ये, तर तुमचे म्हणणे मान्य. मात्र गाठीतून काढलेला स्कोप आणि त्याची सामग्री नोडसाठी वापरायची नाही. नोडमध्ये गाठीच्या पेशी पोचल्या तर स्टेज खोटी चढते आणि ऑपरेशन होऊ शकणारा माणूस ऑपरेशनविना राहतो.

फोंडा_श्वास

फाटे कागदावर काढणे आणि चित्र फिरवणे, हे आम्ही करतच नव्हतो. एक प्रश्न राहिला: प्रोब काढून फोर्सेप्स घालताना शीथ पुढे-मागे होते. सी-आर्मवर टोक दिसते, पण फोर्सेप्स टोकाबाहेर किती आली ते नीट कळत नाही.

स्कोपरूम

हे काम डॉक्टरांचे नाही, आमचे आहे, आणि पेशंट टेबलावर यायच्या आधीचे आहे.

शीथ ट्रॉलीवर सरळ पसरा. प्रोब आत घाला, टोक शीथबाहेर जेमतेम येईल तिथे वरच्या टोकाला स्टॉपर घट्ट करा. प्रोब काढा. आता फोर्सेप्स घाला. मिटलेल्या जबड्याचे टोक शीथच्या तोंडाशी आले की फोर्सेप्सच्या वायरवर स्टॉपर किंवा चिकटपट्टीची पहिली खूण. जबडा पूर्ण बाहेर येऊन उघडेल तिथे दुसरी. ब्रशलाही तसेच. आत गेल्यावर पहिली खूण शीथच्या तोंडाशी आली की डॉक्टरांना 'तोंडाशी', दुसरी आली की 'बाहेर' असे मोठ्याने सांगायचे. बास, सी-आर्मकडे बघत अंदाज बांधायला नको. चिकटपट्टी ओली झाली की सरकते. स्टॉपर असेल तर तोच वापरा.

शीथ हलते ती अदलाबदल करताना. एका माणसाने स्कोपच्या चॅनेलच्या तोंडाशी शीथ दोन बोटांत धरून ठेवायची आणि दुसरे काहीही करायचे नाही. तोच माणूस फोर्सेप्सही उघडतो-मिटतो असे चालले तर शीथ दर वेळी दोन-चार मिलिमीटर मागे येणार. २१ मिमीच्या गाठीत चार मिलिमीटर म्हणजे किती, ते तुम्हीच बघा. शीथवर चॅनेलच्या तोंडाशी मार्करने रेघ मारा. रेघ सरकली की थांबा.

स्कोप फार वाकलेला असेल, विशेषतः वरच्या लोबाच्या एपिकल भागात, तर फोर्सेप्स वाकणावर अडकते. तिथे जोर लावला तर शीथला घडी पडते, मग तिच्यातून काहीच जात नाही. अशा वेळी स्कोपचे वाकण थोडे सैल करा, फोर्सेप्स पुढे न्या, मग पुन्हा वाकवा. जबडा उघडला नाही तरी हँडल दाबत राहू नका. तो अजून शीथच्याच आत असतो.

बाटल्या आधी लिहून ठेवा. हे सांगावे लागू नये, पण लागते.

काचपट्टी

स्कोपरूमच्या शेवटच्या ओळीवरून पुढे.

आमच्याकडे पॅथॉलॉजीत सगळे फॉर्मेलिनमध्ये येते. सगळे. मग तीन आठवड्यांनी फोन येतो की कल्चर होईल का. फॉर्मेलिनमधला जंतू मेलेला असतो, त्याचे कल्चर कुणाच्या बापाकडून होणार नाही. निदान एक-दोन तुकडे आणि वॉशिंग साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये, वेगळ्या नळीत. त्यातून क्षयासाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (तीच, आपल्या वेर्ण्याच्या कंपनीची), मायकोबॅक्टेरियल कल्चर, फंगल आणि साधे बॅक्टेरियल. काटेरी कडा आणि पेट तापलेले म्हणजे कॅन्सरच, हे आपल्या भागात छातीठोक सांगता येत नाही. क्षयाची गाठही पेटवर तशीच पेटते.

मधुमेही माणूस आणि पावसाळा हे दोन्ही जुळले की मेलिओयडोसिस डोक्यात ठेवा. पश्चिम किनारपट्टीवर हा जंतू मातीत आणि पाण्यात आहे. फॉर्मवर संशय स्पष्ट लिहा, एक तर लॅबवाल्यांच्या सुरक्षेसाठी, आणि दुसरे म्हणजे न सांगितल्यास तो 'स्यूडोमोनास' म्हणून निघून जातो. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद न देणारा, पण को-ॲमॉक्सिक्लॅव्हला संवेदनशील, असा ग्रॅम-निगेटिव्ह वाढला तर फोन उचला.

आता स्लाइड. तुकडा काचेवर हलका टेकवून उचलायचा, इंप्रिंट. चिरडायचा नाही, सुईच्या टोकाने फोर्सेप्समधून खरवडून काढायचा नाही. स्मॉल सेलच्या पेशी इतक्या नाजूक की ओढल्या की दोऱ्यासारख्या लांबतात, आणि मग आम्ही 'क्रश आर्टिफॅक्ट' लिहून मोकळे. फोर्सेप्सचा जबडा सलाइनच्या थेंबात हलवा, तुकडा सुटतो. स्लाइड दोन प्रकारच्या: एक लगेच, म्हणजे मोजून दोन-तीन सेकंदांत, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, दुसरी हवेत वाळवलेली. ही दुसरी जून-जुलैत गोव्यात वाळतच नाही. दमट हवेत सावकाश सुकते, पेशी फुगतात, न्यूक्लियसची कड पुसट होते आणि जागेवर बघणाऱ्याला काहीच कळत नाही. लहान टेबलफॅन ठेवा, एसीचा झोत पुरत नाही. टोल्युडीन ब्लूने ओली स्लाइड एका मिनिटात बघता येते. पावसाळ्यात तीच बरी.

जागेवर बघून मी 'पेशी आहेत' म्हटले याचा अर्थ 'निदान झाले' असा नाही. ब्रॉन्कसच्या सुंदर सिलिया असलेल्या पेशी कितीही आल्या तरी आपण अजून नळीतच आहोत. मी असे म्हटले की जागा बदला, त्याच जागी आणखी चार तुकडे घेऊ नका.

फॉर्मेलिन १० टक्के न्यूट्रल बफर्ड, तुकड्यांच्या निदान दहापट, किमान ६ तास. आणि कृपया शुक्रवारी संध्याकाळचा नमुना मंगळवारपर्यंत तसाच ठेवू नका. इम्युनो (कॅन्सरपेशीचा प्रकार ओळखणारे रंग) आम्ही टीटीएफ-१ आणि पी-४० वर थांबवतो, उरलेला ब्लॉक ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ आणि पीडी-एल१ साठी (औषध ठरवायच्या तपासण्या). पीडी-एल१ ला किमान १०० जिवंत कॅन्सरपेशी लागतात. तुम्ही चार तुकडे देणार, त्यात दोन रक्ताच्या गुठळ्या. तेवढ्यात पीडी-एल१ कुठून देणार?

आणि 'नॉन-स्पेसिफिक इन्फ्लमेशन' हा निकाल नाही. २०२४ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सनी मिळून जी व्याख्या ठरवली, तिच्यात असा रिपोर्ट 'निदान झाले नाही' यातच मोडतो. तो घेऊन पेशंटला 'कॅन्सर नाही' असे सांगून घरी पाठवणे धोक्याचे आहे.

सीटी_पणजी

मला वाटते मूळ केस सुईची आहे की नाही, हे अजून कुणी स्पष्ट बोललेले नाही.

सुईचे निदान चांगले असते, यात वाद नको. प्रश्न वाटेचा आहे. पोस्टीरियर सेगमेंट, म्हणजे पेशंट पालथा. मागून सुई घातली की त्या पातळीवर बहुधा लोअर लोबचा वरचा सेगमेंट आडवा येतो, मग ऑब्लिक फिशर (दोन लोबांमधली भेग) ओलांडावी लागते. म्हणजे प्ल्युराला दोन नव्हे, चार भोके. त्यात एम्फिसेमा. या माणसाला न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर हवा साठून ते मिटणे) होण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि त्याच्याकडे राखीव फुफ्फुस फारसे नाही. फिशर टाळून जाणारी वाट सीटीवर सापडली तर १९ गेजच्या कोॲक्सियलमधून (बाहेरच्या पोकळ सुईतून) २० गेजची कोअर (अखंड तुकडा काढणारी) सुई, प्ल्युरा एकदाच भेदून तीन-चार कोअर. स्टायलेट (सुईतली आतली तार) काढल्यावर सुईचे तोंड क्षणभरही उघडे नको, बोट ठेवा. एअर एम्बॉलिझम (रक्तात हवा शिरणे) क्वचितच होतो, पण झाला तर सावरायला वेळ देत नाही. नंतर टोचलेली बाजू खाली करून झोपवायचे.

२०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेली व्हेरिटास चाचणी हल्ली सगळे दाखवतात: १० ते ३० मिमीच्या गाठी, नॅव्हिगेशन ब्रॉन्कोस्कोपीची अचूकता ७९.० टक्के, सुईची ७३.६, न्यूमोथोरॅक्स ३.३ विरुद्ध २८.३ टक्के. आकडे खरे आहेत. पण त्यात ब्रॉन्कोस्कोपी म्हणजे नॅव्हिगेशनसकट. फोंडा_श्वास यांच्याकडे ते नाही. नुसत्या रेडियल ईबसचे आकडे २०११ च्या मेटा-ॲनालिसिसमध्ये ७३ टक्के संवेदनशीलता, आणि २०१६ मध्ये आलेल्या एक्वायर नोंदवहीत, जिथे रोजच्या कामातले आकडे होते, ५७ टक्के. दुसरा आकडा मला जास्त खरा वाटतो. (त्याच नोंदवहीत इलेक्ट्रोमॅग्नेटिक नॅव्हिगेशन ३८.५ वर होते, म्हणजे यंत्र विकत घेऊन प्रश्न सुटतो असेही नाही.)

माझे मत: ब्रॉन्कस साइन असेल तर आधी ब्रॉन्कोस्कोपी, नसेल आणि फिशर टाळणारी वाट असेल तर सुई. दोन्ही नसेल तर पेशंट ऑपरेशनला फिट आहे का ते सर्जनना विचारा. दर वेळी ऑपरेशनआधी तुकडा हवाच असा नियम नाही.

आणि सीटी जुना असेल तर नवा काढा. तीन महिन्यांपूर्वीच्या चित्रावर वाट काढू नका. कधी गाठ वाढलेली असते, कधी निम्मी झालेली असते. ती इन्फेक्शनची असते आणि सगळा खटाटोप वाचतो.

वाटाड्या

सीटी_पणजी, ५७ चा आकडा मान्य. म्हणूनच पहिल्या प्रयत्नाआधीच पेशंटला आणि घरच्यांना सांगावे की दहातल्या चारांना दुसरी तपासणी लागू शकते. न सांगता केले आणि रिकामे आले की विश्वास जातो.

१.१ मिमीचा क्रायोप्रोब (टोकाशी ऊती गोठवून चिकटवणारा) कुणी विचारण्याआधीच लिहितो. एक्सेंट्रिक गाठीत तो कामाला येतो कारण जबड्यासारखा समोरच चावत नाही, भोवतालचे सगळे चिकटवून घेतो. ४ ते ६ सेकंद गोठवायचे. प्रोब बाहेरच्या ओव्हरशीथमध्ये ओढून घेता येत असेल तर स्कोप जागेवर राहतो. नसेल तर स्कोपसकट बाहेर यावे लागते आणि रक्त वाहत असताना तुम्ही बाहेर असता. म्हणून तसे करताना ट्यूब आणि ब्लॉकर किंवा फोगार्टी बलून (रक्त येणारी नळी बंद करणारा) आधी बसवलेला हवा. एम्फिसेमाने वेढलेल्या या गाठीत, प्ल्युरापासून १५ मिमीवर, पहिला पर्याय म्हणून मी तो घेणार नाही.

फोंडा_श्वास

सीडी बघितली. आरबी-२ए ची एक फांदी गाठीच्या खालच्या कडेत शिरते. म्हणजे आधी ब्रॉन्कोस्कोपी, ट्यूब आणि पीपसकट, सुई तयार ठेवून. घरी कधी सोडावे? माणूस काणकोणचा आहे, आणि त्याच्या मुलाकडे परदेशात जायचे विमानाचे तिकीटही काढलेले आहे.

स्कोपरूम

संपल्यावर तासाभराने एक्सरे किंवा अल्ट्रासाउंड, दोन्ही बाजूंचे लंग स्लायडिंग (श्वासाबरोबर फुफ्फुस सरकणे) बघून. ठीक असेल तरी काणकोणला परत जायचे असेल, तेही रात्री, तर तितक्या लांबच्या माणसाला सकाळच्या यादीत पहिला घ्या आणि संध्याकाळपर्यंत ठेवा. दोडामार्ग, सावंतवाडीहून येणाऱ्यांनाही तेच. गिळणे परत यायला, म्हणजे घसा बधिर राहतो तोवर, दोनेक तास पाणीसुद्धा नाही. आधी एक घोट पाणी आपल्यासमोर. चहा नंतर.

पहिल्या दिवशी थुंकीत रक्ताची रेघ चालते. कपभर ताजे रक्त, छातीत एका बाजूला टोचणे, दम वाढणे, ताप दुसऱ्या दिवसानंतरही राहणे, यातले काहीही झाले तर जवळच्या दवाखान्यात आणि फोन. हे छापील कागदावर मराठीत किंवा कोंकणीत लिहून द्या, इंग्रजीत नको.

विमानाचे तिकीट रिपोर्ट येईपर्यंत पुढे ढकलायला सांगा. न्यूमोथोरॅक्स झाला असेल तर एक्सरेवर पूर्ण मिटल्यानंतर किमान ७ दिवस विमान नाही.